शून्य कसोटी, ५८९ बळी

२०२५ सालच्या ३ मार्चची गोष्ट. सकाळी चहा घेताना फोन उघडला, तर दादरच्या जुन्या मित्राचा दोन शब्दांचा निरोप आला होता. "पॅडी गेला."

बाहेर अंगणात गुडघाभर बर्फ. मी चहाचा कप हातात धरून तसाच बसून राहिलो. शाळेला निघालेली माझी चौदा वर्षांची नात खांद्यावरची बॅग सावरत म्हणाली, "आजोबा, काय झालं? कोण गेलं?"

मी म्हटलं, "पद्माकर शिवलकर. मुंबईचे फार मोठे गोलंदाज. तुझ्यासारखेच, लेफ्ट आर्म स्पिन."

"इंडियासाठी किती टेस्ट मॅचेस खेळले?"

"एकही नाही."

ती क्षणभर थांबली आणि अगदी सहज म्हणाली, "ओह. सो ही डिडन्ट मेक इट."

बस आली म्हणून ती निघून गेली, पण ते वाक्य माझ्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं. कारण त्याच्या तीनच आठवडे आधी ही मुलगी स्वतः तिच्या वयोगटाच्या निवड चाचणीतून बाहेर पडली होती. यादीत नाव नाही हे कळल्यावर तिने किटबॅग तळघरात नेऊन फर्नेसच्या मागे ठेवून दिली होती आणि त्या दिवसापासून घरात क्रिकेट हा विषय बंद होता. तेव्हा तिचं ते वाक्य नुसतं शिवलकरांबद्दल नव्हतं, हे मला समजत होतं. उत्तर मात्र सुचलं नाही. पुढे तिला जे तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, ते सगळं एकत्र करून आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहायला बसलो आहे. मंडळी, आपल्यापैकी बऱ्याच घरांत असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेलच. हॉकीतून, पियानोतून, नाहीतर मेडिकल स्कूलच्या यादीतून वगळलेली.

शिवाजी पार्कवरचा माणूस

माझं बालपण दादरला गेलं. शिवाजी पार्क म्हणजे आमचं घराबाहेरचं घर. एका मैदानात एकाच वेळी दहाबारा सामने चाललेले. एका सामन्याचा पॉइंट हा दुसऱ्या सामन्याचा स्क्वेअर लेग. चेंडू कुणाचा आणि क्षेत्ररक्षक कुणाचा, हे ओळखायला तिथेच जन्माला यावं लागतं! त्या गर्दीत शिवाजी पार्क जिमखान्याच्या नेटमध्ये आम्ही पोरं एका सडपातळ, शांत माणसाला बघायला उभे राहायचो. चार पावलं टाकल्यासारखा सोपा रनअप, डावा हात वर, आणि चेंडू हवेत असा सुटायचा की फलंदाजाला वाटावं, हा आपल्यापर्यंत पोचेल. तो पोचायचा नाही. थोडा आधीच पडायचा, आणि पडल्यावर बाहेर वळायचा.

हेच पद्माकर शिवलकर. १९४० सालचा जन्म. सगळी मुंबई त्यांना पॅडी म्हणायची. १९६१-६२ च्या मोसमात त्यांनी प्रथम श्रेणीचं क्रिकेट सुरू केलं आणि शेवटचा मोसम खेळले तो १९८७-८८ चा. मधे काही वर्षं ते निवृत्त होऊन घरी बसले होते. तरी मुंबईला गरज पडली तेव्हा वयाच्या ४७व्या वर्षी पुन्हा पांढरे कपडे चढवून मैदानात उतरले. त्या वयात आमच्यासारख्यांना ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना कंबर धरून उभं राहावं लागतं!

त्यांचा हिशोब असा : १२४ प्रथम श्रेणी सामने, ५८९ बळी, सरासरी १९.६९. म्हणजे एका बळीमागे वीस धावासुद्धा द्यायच्या नाहीत, आणि हे सव्वीस वर्षांच्या अंतरात. डावात पाच बळी ४२ वेळा, सामन्यात दहा बळी १३ वेळा. त्यातले ३६१ बळी रणजी करंडकातले.

आणि कसोटी सामने? शून्य.

पगार नोकरीचा, घाम मैदानावरचा

इथे वाढलेल्या मुलांना 'डोमेस्टिक प्लेअर' म्हटलं की मायनर लीगचा हॉकीपटू डोळ्यांपुढे येतो. थोडा कमी का होईना, पण पगार घेऊन खेळणारा. आमच्या वेळी तसं नव्हतं. रणजी खेळणाऱ्याला सामन्याचा भत्ता मिळायचा. त्यावर घर चालायचं नाही. घर चालायचं ते नोकरीवर. टाटा, मफतलाल, एसीसी, निरलॉन, स्टेट बँक अशा कंपन्या आणि बँका क्रिकेटपटूंना नोकरीवर ठेवत, कारण त्यांना टाइम्स शील्ड या ऑफिसांच्या स्पर्धेत चांगला संघ हवा असे. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, सुनील गावसकर निरलॉनमध्ये. कसोटीत शतक ठोकून आलेला माणूस पुढच्या आठवड्यात आझाद मैदानावर एखाद्या ऑफिसच्या कारकुनाविरुद्ध खेळताना दिसायचा आणि कधी कधी तो कारकून त्याचा त्रिफळा उडवायचा!

पावसाळ्यात कांगा लीग. डॉ. होरमसजी कांगांच्या नावाने १९४८ पासून चालू असलेली स्पर्धा. सगळं जग ज्या दिवसांत क्रिकेट बंद ठेवतं, त्या भर पावसाळ्यात खेळायची. ओली खेळपट्टी, घोट्याएवढं गवत, चेंडू साबणासारखा निसरडा. डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाला इथेच टप्पा आणि दिशा शिकावी लागते. ओल्या चेंडूला वळवायचं, तर बोटांत जीव पाहिजे. मीही खालच्या एका डिव्हिजनमध्ये दोनतीन मोसम हात फिरवला आहे. डावखुराच. पॅडींची नक्कल करायचो. रनअप अगदी तसाच जमायचा. पुढचं काहीच जमायचं नाही.

हे सांगण्याचं कारण असं की, मुंबईच्या संघात जागा मिळणं हेच त्या काळी डोंगर चढण्यासारखं होतं. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत मुंबईने सलग १५ वर्षं रणजी करंडक जिंकला. सलग पंधरा! वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर, अशोक मंकड असे खेळाडू. मुंबईतला बारावा गडी दुसऱ्या कुठल्याही राज्याचा कप्तान झाला असता, असं आम्ही छाती फुगवून म्हणायचो. अशा संघात वर्षानुवर्षं पहिल्या पसंतीचा फिरकी गोलंदाज म्हणून राहणं, हे काही 'न जमलेल्या' माणसाचं लक्षण नव्हे.

चेपॉकची दोन दिवसांची लढाई

त्या पंधरा वर्षांतला शेवटचा अंतिम सामना १९७२-७३ च्या मोसमात मद्रासला चेपॉकवर झाला. समोर तमिळनाडू. त्यांच्याकडे वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार हे दोन कसलेले फिरकी गोलंदाज. खेळपट्टी अशी की पहिल्या दिवसापासून चेंडू हातभर वळत होता. घरच्या फिरकीसाठीच ती केली होती, असं मुंबईच्या कट्ट्यांवर छातीठोकपणे बोललं जायचं.

मुंबई पहिल्या डावात १५१ वर बाद. वेंकट आणि कुमार यांनी पाच पाच बळी वाटून घेतले. आम्ही इकडे रेडिओभोवती तोंडं पाडून बसलो होतो. मग पॅडींच्या हाती चेंडू आला. १६ धावांत ८ बळी. तमिळनाडू ८० वर गारद. दुसऱ्या डावात मुंबईने कसेबसे ११३ केले आणि तमिळनाडूचा दुसरा डाव ६१ धावांत संपला. पॅडी १८ धावांत ५, एकनाथ सोलकर २३ धावांत ५. तिसऱ्या दिवशीचा पहिलाच चेंडू हा सामन्याचा शेवटचा चेंडू ठरला. मुंबई १२३ धावांनी विजयी.

म्हणजे सामन्यात ३४ धावांत १३ बळी. तेही अंतिम सामन्यात, परक्या मैदानावर, दुसऱ्यांसाठी बनवलेल्या खेळपट्टीवर. त्या रात्री दादरला लोक एकमेकांना सांगत होते, आता कसं नाही घेणार? आता घ्यावंच लागेल!

नाही घेतलं.

जागा एकच होती

"पण का?" नातीने विचारलेला हा दुसरा प्रश्न. रागावून उत्तर द्यायचं, तर मुंबईचा माणूस 'राजकारण' म्हणून मोकळा होतो. मीही पुष्कळ वर्षं तसंच म्हणत आलो. पण आता या वयात नीट हिशोब मांडून बघितला, तर उत्तर एका नावात आहे : बिशनसिंग बेदी.

१९६६ च्या शेवटच्या दिवशी सुरू झालेल्या कलकत्त्याच्या कसोटीत बेदी पहिल्यांदा खेळले आणि १९७९ पर्यंत खेळत राहिले. ६७ कसोटी, २६६ बळी. तेही डावखुरे, तीच गोलंदाजी. त्यांच्या जोडीला प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन. या चौघांनी मिळून ८५३ कसोटी बळी घेतले. आणि गंमत बघा, या चौघांनाही एकत्र एकाच कसोटीत खेळायला मिळालं, १९६७ साली बर्मिंगहॅमला. इतर वेळी चौघांपैकी किमान एक बाहेर! जिथे वेंकट आणि प्रसन्ना यांच्यापैकी एकाला पाणी घेऊन मैदानात जावं लागायचं, तिथे दुसऱ्या डावखुऱ्याला जागा कुठून मिळणार?

आणि पॅडी या रांगेत एकटे नव्हते. हरियाणाचे राजिंदर गोयल त्यांच्याच पुढेमागे उभे होते. तेही डावखुरे, तेही शांत. रणजी करंडकात ६३७ बळी, आजही तो विक्रम आहे. प्रथम श्रेणीत एकूण ७५०, सरासरी १८.५८. १९७४ साली वेस्ट इंडीजविरुद्ध बंगलोरच्या कसोटीला बेदींना शिस्तीच्या कारणावरून वगळलं, तेव्हा गोयल यांचं नाव संघात आलं. ते बंगलोरला जाऊन पोचले. सामन्याच्या सकाळी अकरा जणांत मात्र त्यांचं नाव नव्हतं. तो दरवाजा पुन्हा उघडला नाही. त्यांच्याही नावापुढे कसोटी शून्य.

१९७९ मध्ये बेदींचा काळ संपला, तोपर्यंत पॅडींना चाळिशी लागत आली होती. जागा गेली दिलीप दोशींकडे. तेही तिशी ओलांडलेले, तेही बेदींमुळे वर्षानुवर्षं थांबलेले. त्यांनी पुढे ११४ कसोटी बळी घेऊन निवड सार्थ केली. तेव्हा दोशींना का घेतलं, असंही म्हणता येत नाही.

म्हणून मी नातीला सांगितलं, यात कोणी खलनायक नाही बरं का. बेदी महान होतेच. पण दोन खरी गुणी माणसं एकाच खुर्चीसाठी एकाच काळात जन्माला आली, तर एक उभा राहतो. उभा राहिलेल्याला बसता येत नव्हतं असं नाही.

सुनील गावसकर यांनी १९८३ साली 'आयडॉल्स' हे पुस्तक लिहिलं. जगातल्या थोर खेळाडूंवरच्या त्या पुस्तकात त्यांनी गोयल आणि शिवलकर या दोघांवरही लेख लिहिले. एकही कसोटी न खेळलेले दोघं, पण गावसकरांच्या दृष्टीने त्याच पंगतीतले. पॅडी गेले, त्या दिवशीही त्यांनी जाहीरपणे खंत बोलून दाखवली, की कर्णधार असताना पॅडींना संघात घेण्याबद्दल आपण निवड समितीचं मन वळवू शकलो नाही. ज्याने जगातले सगळे गोलंदाज खेळून काढले, त्याचं हे मत. माझ्या मते ती एक प्रकारची कसोटी टोपीच.

२०१७ साली भारतीय क्रिकेट मंडळाने गोयल आणि शिवलकर या दोघांना एकत्रच सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. त्याच वर्षी शांता रंगास्वामी यांनाही. उशीर झाला, पण दोघांच्याही हयातीत झाला.

पॅडी गायचेही छान. 'हा चेंडू दैवगतीचा' हे त्यांनी गायलेलं गाणं जुन्या मंडळींना आठवत असेल. पुढे आत्मचरित्रालाही त्यांनी हेच नाव दिलं. दैवगती म्हणाले, पण त्या दैवाच्या नावाने बोटं मोडत बसले नाहीत. खेळणं संपल्यावर मुलांना गोलंदाजी शिकवत राहिले, त्याच शिवाजी पार्कवर.

इकडची गोष्ट

मी १९७४ साली टोरंटोला आलो. हातात इंजिनिअरिंगची डिग्री, खिशात मोजके डॉलर. जिथे जाईन तिथे एकच प्रश्न, "कॅनेडियन एक्स्पिरियन्स आहे का?" शेवटी एका कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून लागलो. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याच्या चुका मी दुरुस्त करायचो आणि बढती त्याला मिळायची. सहासात वर्षं असंच चाललं. त्या दिवसांत रविवारी पार्कात काँक्रीटवर मॅटिंग अंथरून आम्ही चारपाच देशांतली माणसं क्रिकेट खेळायचो, तेवढाच विरंगुळा. संध्याकाळी घरी येताना मनात कधी कधी पॅडी यायचे. चेपॉकच्या त्या १३ बळींनंतर पुढच्या आठवड्यात ते काय करत असतील? ऑफिसला गेले असतील. मग शनिवारी परत मैदानावर.

आता एक गोष्ट कबूल करायची आहे. ती मी आजवर कुठे लिहिली नव्हती.

१९९६ ते ९८ या तीन वर्षांत भारत आणि पाकिस्तान सहारा कप खेळायला टोरंटोला यायचे. विल्सन अॅव्हेन्यूवरच्या टोरंटो क्रिकेट, स्केटिंग अँड कर्लिंग क्लबच्या मैदानावर. आपल्यातले पुष्कळ जण तेव्हा गेले असतील. १९९७ साली तेंडुलकरच्या संघाने ४-१ ने मालिका जिंकली, गांगुलीने गोलंदाजीत १५ बळी काढले, आणि बटाट्यावरून चिडून इन्झमाम प्रेक्षकांत घुसला, ते तर जगभर गाजलं. मी माझ्या मुलाला घेऊन गेलो होतो. तो तेव्हा पंधरा वर्षांचा. डावखुरा फिरकी गोलंदाज, माझ्याहून कितीतरी चांगला. त्याच्या क्लबचे कोच म्हणायचे, याच्या हातात काहीतरी आहे.

परत येताना गाडीत तो उत्साहाने बोलत होता. मी त्याला म्हटलं, "हे बघायला ठीक आहे रे. या देशात क्रिकेटमध्ये काय ठेवलंय? भारतात शिवलकरांसारख्याला काही मिळालं नाही, तर तुला इथे कोण विचारणार?" तो गप्प झाला. पुढच्या उन्हाळ्यात गराज सेलमध्ये त्याची बॅट आणि पॅड दहा डॉलरला गेले. मीच विकले. ज्या माणसाचं नाव मी आयुष्यभर अभिमानाने घेतलं, तेच नाव पोटच्या पोराला परावृत्त करायला वापरलं.

आणि माझं म्हणणं साफ चुकीचं होतं असंही नाही. मुलगा शिकला, चांगल्या नोकरीला लागला. पण २००३ चा विश्वचषक आला आणि कॅनडाने बांगलादेशला ६० धावांनी हरवलं, तेव्हा आम्ही दोघंही सोफ्यावर बसून होतो आणि दोघंही काही बोललो नाही. त्याच स्पर्धेत जॉन डेव्हिसनने वेस्ट इंडीजविरुद्ध ६७ चेंडूंत शतक ठोकलं. विश्वचषकातलं तेव्हाचं सर्वांत वेगवान. हा डेव्हिसन जन्मला ब्रिटिश कोलंबियात, वाढला ऑस्ट्रेलियात. तिथे व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलियाकडून खेळणारा ऑफस्पिनर. शेन वॉर्नच्या देशात वॉर्नच्याच काळात फिरकी टाकणारा! ऑस्ट्रेलियाची टोपी काही त्याला मिळाली नाही. पण जन्मगावाने त्याला दुसरा दरवाजा उघडून दिला. २००४ साली अमेरिकेविरुद्धच्या एका प्रथम श्रेणी सामन्यात त्याने एकट्याने १७ बळी घेतले. अठरा नाही, सतरा! पॅडींना असं दुसरं जन्मगाव नव्हतं.

पाळी न आलेला मुलगा

पॅडींच्या नंतरच्या पिढीतलं उदाहरण म्हणजे अमोल मुझुमदार. १९८८ साली शारदाश्रमच्या तेंडुलकर आणि कांबळीने ६६४ धावांची भागी केली, तेव्हा पॅड बांधून पुढच्या पाळीची वाट बघत बसलेला मुलगा तो हाच. त्याची पाळी आलीच नाही. १९९४ मध्ये फरीदाबादला हरियाणाविरुद्ध रणजी पदार्पणातच त्याने २६० धावा केल्या. पदार्पणातला तो तेव्हाचा जागतिक विक्रम. पुढे १७१ प्रथम श्रेणी सामने, ११,१६७ धावा, ३० शतकं. २००६-०७ मध्ये मुंबईला कप्तान म्हणून रणजी करंडक जिंकून दिला. मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली आणि लक्ष्मण उभे होते. कसोटी शून्य.

पण काळ बदलला होता. देशी क्रिकेट आता पोटापाण्याचा व्यवसाय झालं होतं. मुझुमदार २००९ मध्ये मुंबई सोडून आसामकडून खेळला, नंतर आंध्रकडून. पॅडींच्या वेळी हे मनातही आलं नसतं. २०२१ साली मंडळाने मानधन वाढवलं, तेव्हा चाळीसहून जास्त सामने खेळलेल्या खेळाडूला दिवसाला ६० हजार रुपये ठरले. पॅडी १२४ सामने खेळले होते!

२०१४ मध्ये मुझुमदार निवृत्त झाला आणि २०२३ मध्ये भारताच्या महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. पुढचं तुम्हाला माहीत आहेच. २०२५ च्या २ नोव्हेंबरला, ज्या पहाटे आपण घड्याळं तासभर मागे केली, त्याच रविवारी नवी मुंबईत महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता. तिकडे पाऊस, इकडे अंधार. मी, मुलगा आणि नात, तिघंही ब्लँकेट घेऊन टीव्हीसमोर बसलो. भारत ७ बाद २९८. शफालीच्या ८७. मग दीप्ती शर्माचे पाच बळी, दक्षिण आफ्रिका २४६. शेवटचा झेल हरमनप्रीतने घेतला आणि थोड्या वेळाने तीच कप्तान आपल्या प्रशिक्षकाच्या पाया पडली.

नातीचं लक्ष डावखुऱ्या श्री चरणीवर होतं. पण त्या क्षणी तिने विचारलं, "हे कोच इंडियासाठी खेळलेत ना?"

मी म्हटलं, "नाही. एकही मॅच नाही. पॅडींसारखेच."

या वेळी ती 'डिडन्ट मेक इट' म्हणाली नाही. काहीच म्हणाली नाही. माझा मुलगा मात्र टीव्हीकडे बघतच म्हणाला, "बाबा, त्या दिवशी गाडीत तुम्ही मला पॅडींची अर्धीच गोष्ट सांगितली होती."

मला त्यावर काय बोलावं ते कळलं नाही. मी "हो" म्हटलं. खरं होतं ते.

शेवटी

कोणी म्हणेल, शेवट गोड करायला मुझुमदारचा विश्वचषक बरा सापडला. तर तसंही नाही. पॅडींना असा विश्वचषक मिळाला नाही, गोयल यांनाही नाही. सगळ्या थांबलेल्यांना शेवटी काहीतरी मिळतंच, असं मी नातीला सांगितलेलं नाही, कारण ते खोटं आहे. मी तिला एवढंच सांगितलं, की बेदी खेळत होते म्हणून पॅडींचा चेंडू वळायचा थांबला नाही. चेपॉकवर तो वळला, कांगा लीगच्या चिखलात वळला, आणि ज्या दिवशी बघायला आम्ही चार पोरं सोडून कोणी नव्हतं, त्या दिवशी शिवाजी पार्कच्या नेटमध्येही वळला. ते ५८९ बळी कोणाच्या यादीवर अवलंबून नव्हते.

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी ती फर्नेसमागची किटबॅग वर घेऊन आली. मिसिसागाच्या एका गोदामात इनडोअर नेट आहेत, तिथे तिला मी नेतो. या वर्षीच्या निवडीत ती राखीव खेळाडू झाली. अकरा जणींत नाही. पुढच्या वर्षी होईल की नाही, माहीत नाही. तिच्या पुढे एक गयानी घरातली मुलगी आहे, तीही डावखुरी, आणि खरं सांगायचं तर सध्या ती हिच्याहून चांगली टाकते.

नेटच्या दुसऱ्या टोकाला आताशा माझा मुलगा उभा राहतो. त्रेचाळीस ओलांडलेला, पोट सुटलेला. परवा त्याने स्वतःच चेंडू हातात घेतला आणि एक टाकून बघितला. सत्तावीसअठ्ठावीस वर्षांनी टाकलेला पहिला चेंडू. आखूड पडला, पण पडल्यावर बाहेर वळला. मी नेटबाहेरच्या खुर्चीवर बसून बघत होतो.